अ‍ॅम्बॅसिडरच्या डायनामोची घरघर: बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं आणि आधी काय तपासायचं

गणपती आठ दिवसांवर आले की मला दोन-तीन फोन हमखास येतात. जूनपासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली जुनी गाडी कुणीतरी बाहेर काढतो, स्टार्टर मारतो आणि बॉनेटखालून घरघर सुरू होते. बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, पुढचा प्रश्न ठरलेला: "डायनामोचं बेअरिंग गेलंय, कुठलं घालू?" मी म्हणतो, थांब की जरा. (डायनामो म्हणजे फॅनबेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुन्या गाडीतलं यंत्र.)

मी पेशाने मेकॅनिक नाही. घरात वडिलांची १९६८ सालची मार्क टू अ‍ॅम्बॅसिडर आहे, तिच्यापायी हे सगळं शिकावं लागलं. आजवर सात डायनामो खोलले. त्यातले पाच खरोखर बेअरिंगचे होते. एकात दोष फॅनबेल्टचा निघाला. आणि एकदा तर वॉटर पंप वाजत होता आणि मी अख्खा रविवार डायनामोची आतडी काढून बसलो होतो. पाचांपैकी तीन वेळा गाडी माझीच, तीही एकाच वर्षात. ती तीन बेअरिंगं का गेली ते पुढे सांगतो.

आधी लक्षणं बघा.

- सकाळच्या पहिल्या स्टार्टला घरघर, कोरडं जातं ओढल्यासारखी. इंजिन तापलं की कमी होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच.
- अ‍ॅक्सिलरेटर दिला की आवाजाचा सूर चढतो, सोडला की उतरतो. क्लच दाबून काही फरक पडत नाही. पडत असेल तर दोष क्लच-गिअरबॉक्सकडे शोधा, इथे वाचत बसू नका.
- पुलीच्या मागे, ब्रॅकेटच्या (डायनामोच्या टोकाच्या झाकणाच्या) तोंडाशी गंजाच्या रंगाची भुकटी किंवा ओघळून वाळलेलं काळं ग्रीस.
- चार्जिंगचा लाल दिवा मधूनच मिणमिणतो, खराब रस्त्यावर जास्त.
- दहा-पंधरा किलोमीटर जाऊन थांबल्यावर डायनामोचं पुढचं तोंड त्याच्या मधल्या पिंपापेक्षा स्पष्ट जास्त तापलेलं. (पिंप गरम होणारच, घाबरू नका. फरक बघायचा.)
- नवा बेल्ट काही महिन्यांत एकाच कडेने खाल्लेला.

पहिली तीन लक्षणं आणि तापलेलं तोंड पुढच्या बेअरिंगकडे बोट दाखवतात. मिणमिणता दिवा बहुतेक वेळा मागच्या बुशचा (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) किंवा कार्बनचा (फिरत्या भागावरून वीज उचलणारे ठोकळे). एका कडेने खाल्लेला बेल्ट म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत.

आता आत काय आहे ते थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या धाटणीच्या या डायनामोत आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरता गाभा, दोन ठिकाणी टेकलेलं असतं. पुढे, पुलीच्या बाजूला, छर्ऱ्यांचं बेअरिंग. मागे, कम्युटेटरच्या (कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याच्या) बाजूला, साधा ब्राँझचा बुश. मागचा बुश लोक नेहमी विसरतात, कारण तो दिसत नाही आणि फारसा वाजतही नाही. बेल्ट आर्मेचरला सतत एका बाजूला ओढत असतो. मागचा बुश अंडाकृती झिजला की आर्मेचर तिरकं बसतं आणि पुढच्या बेअरिंगला सरळ फिरण्याऐवजी वाकडं फिरावं लागतं. नवं कोरं बेअरिंग घातलं तरी त्याचं आयुष्य तिथेच निम्मं झालं. माझी तीन बेअरिंगं अशी गेली. पहिल्याच वेळी बुश बदलला असता तर दुसरं-तिसरं लागलंच नसतं.

आणि पावसाळ्यातच का? खानापूरकडची लाल माती, उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेला फुफाटा, हे सगळं बारीक होऊन आत जातं, जुन्या उघड्या बेअरिंगात तर थेट ग्रीसमध्ये. वर जून ते सप्टेंबर गाडी उभी. ओल धरते, छर्रे महिनोन् महिने एकाच जागी टेकून राहतात आणि तिथे रिंगवर गंजाचा ठिपका पडतो. ठिपका पडला की आवाज आला. त्यावर वरून ग्रीस लावून काही होत नाही. जी गाडी पावसात आठवड्यातून एकदा तरी फाटकापर्यंत जाऊन येते, तिला हा त्रास कमी.

आता तपासण्या. फुकटच्या आधी.

बेल्टवर पाणी

इंजिन चालू असताना, हात लांब ठेवून, बेल्टच्या आतल्या बाजूवर बाटलीतून थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर थांबला किंवा बदलला तर तो बेल्टचा. बेअरिंगला पाण्याचं सोयरसुतक नसतं. ही तपासणी करताना उपरणं, मफलर, पदर, सैल बाही काहीही लोंबत असता कामा नये. अ‍ॅम्बॅसिडरच्या पंख्याला जाळी नाही आणि तो बेल्टच्या अगदी पुढ्यात आहे. पोरं दूर.

बेल्टचा ताण आणि रेषा

इंजिन बंद. बेल्टच्या सगळ्यात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटर दबला पाहिजे. वीणेच्या तारेसारखा ताठ असेल तर बेअरिंग कोणी मारलं ते कळलं. बेअरिंगं गंजाने जितकी मरतात त्याहून जास्त ताठ बेल्टने मरतात, हे माझं मत. लाल दिवा मिणमिणला की लोक आधी बेल्ट आवळतात. मूळ दोष कार्बनचा असतो, दिवा मिणमिणतच राहतो, मग आणखी आवळतात.

ताण बदलताना तीन बोल्ट ढिले करायचे: दोन, ज्यांवर डायनामो झुलतो, आणि एक ताण धरणाऱ्या पट्टीचा. ओढायचं ते हाताने. पहारीने मागच्या बाजूवर जोर दिला तर ब्रॅकेटला तडा जातो आणि तडा गेलेलं ब्रॅकेट जुन्या बाजारातूनच शोधावं लागतं.

मग समोर वाकून बघा: क्रँकची पुली, पंप-पंख्याची पुली आणि डायनामोची पुली एका रेषेत आहेत का. सरळ लाकडी पट्टी लावली तरी पुरे. डायनामोची पुली आत-बाहेर असेल तर पूर्वी कुणीतरी वॉशर विसरला आहे.

दोन थेंब तेल

डायनामोच्या पाठीमागे, मधोमध, तेल घालायचं एक छोटं छिद्र असतं. ते बहुतेक गाड्यांत मातीने बुजलेलं असतं. तार घालून मोकळं करा, इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा. थेंब म्हणजे थेंब. जास्त घातलं तर तेल कम्युटेटरवर जातं, कार्बन चिकट होतो आणि चार्जिंग जातं. मी इंजिन ऑइल बदलतो त्या दिवशीच हे करतो, म्हणजे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. मागून येणारी चिरकी शिट्टी याने थांबली तर बुश कोरडा पडला होता एवढं समजलं. अजून जगेल, पण नजर ठेवा.

बेल्ट काढून ऐका

ही सगळ्यात मोलाची तपासणी आणि हिला एक पाना लागतो. बेल्ट उतरवा आणि इंजिन एक मिनिट चालवा, त्याहून जास्त नको. बेल्ट नाही म्हणजे वॉटर पंपही बंद आहे. घरघर तशीच राहिली तर ना डायनामोचा दोष ना पंपाचा, इंजिनातच काही आहे. थांबली तर दोघांपैकी एक.

मग इंजिन बंद करून दोन्ही पुल्या हाताने फिरवा. पंपाची पुली वर-खाली हलवून बघा. ती डुलत असेल तर माझ्यासारखा रविवार वाया घालवू नका. डायनामोची पुली फिरवताना बोटांना ऐकू द्या. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं. गंजलेलं असेल तर वाळूतून बोट ओढल्यासारखं खरखरतं. पुली धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. वर-खाली टकटक जाणवली तर बेअरिंग झिजलं. जाग्याला अडकून मग सुटल्यासारखी फिरत असेल तर आर्मेचर आत पोलला (पिंपाच्या आतल्या भिंतीवरच्या लोखंडी ठोकळ्याला) घासत असण्याची शक्यता आहे, आणि तसं असेल तर गाडी चालवू नका. घासून वाइंडिंग फाटलं की शे-दोनशेचं काम हजारांत जातं.

कान लावायची जुनी युक्ती, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डायनामोला आणि मूठ कानाच्या हाडाला, मीही वापरायचो. चालत्या पंख्याशेजारी डोकं नेणं आता मला पटत नाही. बेल्ट काढून फिरवल्यावर तेच कळतं.

मीटर लावा, खोलण्याआधी

बेअरिंग गेलंय हे नक्की झालं तरी इथे पाच मिनिटं द्या. आर्मेचर जळालेलं असेल तर त्याला नवं बेअरिंग घालणं म्हणजे पडक्या वाड्याला नवा रंग.

बेल्ट परत चढवा. डायनामोवरच्या दोन्ही वायरी काढून बाजूला टेपने गुंडाळा. मोठा टर्मिनल 'डी', छोटा 'एफ'. दोन्ही टर्मिनल उघड्या तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा. व्होल्टमीटरचं एक टोक त्या जोडावर, दुसरं डायनामोच्या बॉडीवर, मोकळ्या धातूला. इंजिन मंद चालवून वेग हळूहळू वाढवा. काटा न अडखळता चढत गेला पाहिजे. वीस व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका आणि त्यासाठी इंजिन जोरात पळवायचीही गरज नाही. काट्याचा मीटर असेल तर उत्तम, डिजिटलचे आकडे इथे नाचतात.

काटा एक व्होल्टच्या आसपास रेंगाळला तर फिल्ड कॉईलचा (पोलांवरच्या तारेच्या वेटोळ्यांचा) दोष धरा. चार-पाच व्होल्टवर अडला तर आर्मेचरचा. दोन्ही बाबतींत घरचं काम संपलं, डायनामो रिवायंडिंगवाल्याकडे. काटा चढतो पण थरथरत चढतो, तर कार्बन, कम्युटेटर किंवा मागचा बुश. आणि डायनामो इथे चांगला चढतोय पण गाडीत चार्जिंग नाही, तर चार्जिंग आवरणारा कटआऊट-रेग्युलेटरचा डबा बघायचा. त्याचे स्क्रू अंदाजाने पिळणारे मी बरेच बघितलेत. त्यांच्या बॅटऱ्याही बघितल्यात.

आता खोलायचं

बॅटरीचं अर्थचं टर्मिनल आधी काढा. काही जुन्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, तेव्हा रंगावर न जाता बॉडीला कुठलं टोक लागलंय ते डोळ्यांनी बघून वहीत लिहा. हे पुढे लागेल.

डायनामो बाकावर आला की पुढचं ब्रॅकेट, पिंप आणि मागचं ब्रॅकेट यांवर एका रेषेत छिन्नीने बारीक खुणा करा. मागून आरपार जाणारे दोन लांब बोल्ट असतात. आमच्याकडच्या हवेत ते हमखास धरलेले असतात. रात्रभर डिझेलमध्ये भिजवा. सकाळी फिरतात, रात्री तुटतात.

पुलीचा नट सोडताना पुली धरायची कशी, यावर मी दोन पुल्यांचे कान मोडले. मग एका ट्रॅक्टरवाल्याने शिकवलं: जुना फॅनबेल्ट पुलीच्या खाचेत गुंडाळायचा आणि बेल्टची दोन्ही टोकं वाईसमध्ये आवळायची. पुली जागची हलत नाही आणि ओरखडाही उठत नाही. पुलीखालची अर्धचंद्राची छोटी चाबी कपड्यावर काढा. ती बाकावरून उडाली की शेणाच्या गोठ्यात सुई शोधण्यासारखं आहे.

मागचं ब्रॅकेट सरकवलं की कार्बन दिसतात. आर्मेचर पुढच्या ब्रॅकेटसकट बाहेर येतं. तिथेच थांबून आर्मेचरच्या लोखंडी अंगाकडे आणि पिंपाच्या आतल्या पोलांकडे बघा. चकचकीत घासलेला पट्टा दिसला तर मागचा बुश संपलाय, दुसरा पुरावा नको. पिंपाच्या आत कथलाचे थेंब उडालेले दिसले तर आर्मेचर कधीतरी प्रमाणाबाहेर तापलंय. ते रिवायंडिंगवाल्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बेअरिंग पुढच्या ब्रॅकेटमध्ये एका पातळ पत्र्याच्या पट्टीने धरलेलं असतं. कुठे ती रिबिटने, कुठे सर्क्लिप. रिबिट असतील तर ड्रिलने डोकी उडवावी लागतात, आणि परत बसवताना नव्या रिबिटच घाला.

बेअरिंग विकत घेताना

जुनं बेअरिंग रॉकेलने धुऊन रिंगवरचा नंबर वाचा. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप सांगतात: ०२ म्हणजे १५ मिलिमीटर, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचने गुणायचं, ०४ म्हणजे २०. उदाहरणार्थ ६२०३ म्हणजे आत १७, बाहेर ४० आणि रुंदी १२. नंबर पुसला असेल तर व्हर्नियर लावा. जुन्या डायनामोंत इंची मापही सापडतं. १५.८८ च्या आसपास वाचलं तर ते पाच अष्टमांश इंच, १६ नव्हे. "जरा ठोकून बसतंय" असं दुकानदार म्हणाला तर घेऊ नका.

मी दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं घेतो. आमच्या धुळीत उघडं बेअरिंग घालणं मला पटत नाही, मूळचं तसं होतं तरी. स्पेअरच्या दुकानापेक्षा बेअरिंगच्या दुकानात जा. किंमत म्हणाल तर अर्धा किलो कुंद्यापेक्षा (आमची बेळगावी मिठाई) जास्त देऊ नका, आणि फारच कमी सांगितली तरी शंका घ्या.

बसवणं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं

दोन वर्षांपूर्वी घाईत होतो म्हणून एका गॅरेजात बसवायला दिलं. पोऱ्याने बेअरिंग शाफ्टवर ठेवलं, बाहेरच्या रिंगवर छिन्नी टेकवली आणि चार घाव घातले. बसलं. तीन आठवड्यांनी रात्री तवंदी घाट उतरताना तेच गाणं सुरू. खोलून छर्ऱ्यांची वाट नखाने चाचपली तर समान अंतरावर बारीक खळगे लागत होते. बाहेरच्या रिंगवर मारलेला प्रत्येक घाव छर्ऱ्यांमधून आतल्या रिंगवर जातो, आणि छर्रा जिथे असेल तिथे ठसा उमटवतो. बेअरिंग नवं असतानाच मेलं होतं.

म्हणून नियम एवढाच: जी रिंग घट्ट बसवायची आहे, जोर तिच्यावरच. ब्रॅकेटमध्ये बसवताना बाहेरच्या रिंगवर. ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं, ते उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून पुसलं की प्रसरण पावतं आणि बेअरिंग जवळजवळ हाताने जातं. (पातेलं स्वयंपाकघरातलं घेऊ नका. मी घेतलं होतं.) पट्टी परत रिबिट करा. मग आर्मेचरचा शाफ्ट त्या बेअरिंगमधून घालायचा, आणि या वेळी आधार आतल्या रिंगला: शाफ्टवरून सरकेल इतक्याच भोकाचा लोखंडी पाईप आतल्या रिंगखाली उभा करा आणि शाफ्ट वाईसने किंवा प्रेसने दाबा. ब्रॅकेटवर आधार ठेवून शाफ्ट ठोकला तर तवंदी घाट तुमचीही वाट बघतोय.

मागचा बुश

हा बुश सच्छिद्र ब्राँझचा असतो, स्पंजसारखं तेल धरून ठेवतो. नवा बुश पातळ इंजिन ऑइलमध्ये चोवीस तास बुडवून ठेवायचा. म्हणजे आदल्या दिवशीच बुडवा, डायनामो खोलायच्याही आधी. घाई असेल तर शंभर अंश तापलेल्या तेलात दोन तास आणि मग त्याच तेलात गार होऊ द्यायचा. कोरडा बसवला तर वरून थेंब घालून तो कधीच भरत नाही.

जुना काढायला सोपी युक्ती: बुशच्या भोकात बसेल असा आटे पाडायचा टॅप दोन-चार आटे फिरवायचा आणि टॅप धरून बुश ओढायचा. नवा दाबताना शाफ्टच्याच मापाची, गुळगुळीत घासलेली गुडदी, म्हणजे गोल दांडा, आतून हवी, नाहीतर बुश दबून भोक लहान होतं.

माझं तसंच झालं. बसवल्यावर शाफ्ट जाईना. उद्यमबागेतल्या ओळखीच्या टर्नरकडे गेलो, म्हटलं रीमर फिरवून भोक मोठं करून दे. त्याने बुश उजेडात धरला आणि मान हलवली. "ब्याड री मालक (म्हणजे नको). रीमर मारला की आतली छिद्रं बुजत्यात. मग तेल कुठनं येणार?" त्याने तो बुश काढून फेकला, शाफ्टच्या मापाची गुडदी वळून दिली आणि दुसरा बुश दाबून दिला. गुडदीचे पैसे घेतले, बुश दाबल्याचे नाही. ती गुडदी अजून माझ्या पेटीत आहे, नंतरचे चार बुश तिच्यावरच बसले.

कम्युटेटर आणि कार्बन, खोललंच आहे तर

कम्युटेटर पेट्रोलच्या फडक्याने पुसा. काळवंडलेला असेल तर बारीक काचपेपर लावा. एमरी पेपर नको, त्याचे कण विजेचे वाहक असतात आणि पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या बरोबरीला आला असेल तर हॅकसॉच्या ब्लेडचा तुकडा घासून पातळ करून साधारण पाऊण मिलिमीटर खोल कोरा. खोल चर पडले असतील तर लेथवरच जावं लागेल.

कार्बन झिजून आखूड झाले असतील तर जोडीने बदला. परत जुळवताना ते आड येतात. त्यासाठी कार्बन वर ओढून स्प्रिंग त्यांच्या पाठीवर न ठेवता कुशीला टेकवा, म्हणजे ते अधांतरी अडकून राहतात. ब्रॅकेट अर्धा इंच उरेपर्यंत सरकवा, मग फटीतून बारीक स्क्रूड्रायव्हरने कार्बन खाली दाबा आणि स्प्रिंग पाठीवर आणा. हे विसरून डायनामो बंद केला तर चार्जिंग शून्य येतं आणि माणूस विनाकारण वाइंडिंगवर संशय घेतो.

चढवण्याआधी बाकावर

डी आणि एफ जोडा, बॅटरीची जिवंत वायर त्या जोडाला आणि बॅटरीचं दुसरं टोक डायनामोच्या बॉडीला लावा. अर्थ कुठला ते वहीत आहेच. डायनामो मोटरसारखा हळू फिरू लागला पाहिजे, एका लयीत, न अडखळता. याने त्याची ध्रुवताही गाडीच्या बाजूने बसते. घरघर असेल तर इथेच ऐकू येईल, गाडीत चढवून पुन्हा उतरवावं लागणार नाही.

नवा बेल्ट घातला असेल तर शे-दीडशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा बघा, तो ताणला जातोच.

कुठे हात थांबवायचा

बेअरिंग शाफ्टवर सैल बसत असेल, म्हणजे आतली रिंगच शाफ्टवर फिरत असेल, तर शाफ्ट झिजलाय. लोक तिथे पंचने टोचे मारून घट्ट करतात. महिनाभर टिकतं. शाफ्टवर धातू चढवून पुन्हा मापात आणणं हे चांगल्या टर्नरचं काम. ब्रॅकेटचं घर सैल असेल तर तेच. आर्मेचर शॉर्ट आहे का ते वाइंडरकडच्या ग्राऊलर या तपासणी यंत्रावर ठेवूनच कळतं, मीटरने सगळं कळत नाही. फिल्ड कॉईलसाठी पोल काढायचे असतील तर त्यांचे मोठे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने सुटत नाहीत, डोकी फाटतात. आणि जळक्या वार्निशचा वास येत असेल तर काहीही न खोलता डायनामो उतरवून सरळ ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. बेळगावात जुने वाइंडर अजून आहेत. त्यांना "बेअरिंग बदला" म्हणून सांगू नका. मीटरवर काटा किती चढला तो आकडा आणि पोलवर घासल्याची खूण सांगा, अर्धं काम झालं.

"अल्टरनेटर घालून टाक" हा सल्ला मला दर वर्षी मिळतो. रोज वापरायच्या गाडीला मीही तोच देईन. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज म्हणून नोंद करायला गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते. आमच्या गाडीची पन्नाशी उलटलीय, आणि बॉनेट उघडलं की वडील आधी डायनामोकडेच बघतात.